एकशे सव्वीस पायऱ्या, पाच खुर्च्या

३ मार्च, सोमवार

लिफ्ट बंद पडली त्याला आज सहा दिवस झाले. इमारतीच्या कचेरीने खाली कागद चिकटवला आहे. लागणारा भाग आता बनत नाही, बाहेरून मागवावा लागेल, तीन महिने जातील, रहिवाशांनी सहकार्य करावे. सहकार्य म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. पायऱ्या चढा आणि तोंड मिटून चढा, एवढंच असणार.

मी मोजल्या. मजल्याला अठरा, म्हणजे माझ्या सातव्यापर्यंत एकशे सव्वीस. अडतीस वर्षं वॉर्डात उभी राहिलेली सिस्टर आहे मी, असल्या पायऱ्यांना भीक घालत नाही. आज पाचव्यावर जराशी थांबले, पण ते भिंतीचा रंग कुठवर उडालाय ते बघायला.

मुलाचा फोन आला. उत्तरेकडची खोली रिकामी केलीय, घर जमिनीलगत आहे, बागेत उन्हात खुर्ची टाकतो, तू ये. मी आयुष्यभर माणसांना उन्हात खुर्ची टाकून बसवलं आहे आणि त्यातली किती उठून घरी गेली ते मला चांगलं ठाऊक आहे. नाही म्हटलं. तो हट्टाला पेटला. हट्ट कुणाचा घेतलाय ते सांगायला नको.

शेवटी सौदा झाला. जिन्यात एकदा जरी पडले, तर सामान बांधायचं आणि एक शब्द बोलायचा नाही. नाही पडले, तर त्याने हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी दिलेला शब्द मोडत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणूनच तो मागून घेतला.

६ मार्च, गुरुवार

तिसऱ्यावर ‘पाहुणे’ राहतात. येऊन दोन वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना पाहुणेच म्हणते. आपली भाषा अडखळत बोलतात, दार लावून घेतात. मीही मान हलवण्यापलीकडे कधी गेले नव्हते.

आज सकाळी खाली उतरताना पाहिलं तर त्यांचा म्हातारा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेला, ओठ निळसर, आणि सून शेजारी उभी, रडू आवरत. त्याला दर गुरुवारी दवाखान्यात न्यावं लागतं. मागच्या गुरुवारी गेलेच नाहीत म्हणे. का, तर कुणाला त्रास द्यायचा! मी तिला अशी झापली की पूर्वी प्रशिक्षणाच्या मुलींनाही झापलं नसेल. पेशंट पायरीवर आणि तू संकोच करतेस?

स्वयंपाकघरातली एक खुर्ची मागितली, बिनहातांची, सरळ पाठीची. पाचव्यावरचा बसचा ड्रायव्हर कामावर निघाला होता, त्याला थांबवला. आणखी एक माणूस हवा होता. तेवढ्यात दुसऱ्यावरच्या शिंप्याचं दार उघडलं.

शिंप्याशी मी नऊ वर्षं बोलत नाही. त्याने शिलाईचं मशीन घराबाहेर, जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत मांडलं होतं. खिडकी आहे, उजेड चांगला येतो, म्हणून. आग लागली, धावपळ झाली तर? मी लेखी तक्रार केली, कचेरीने मशीन हलवायला लावलं. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. तेव्हापासून मी दिसले की तो दोरा दातांनी तोडतो.

आज मात्र पुढे आला आणि खुर्चीचे पुढचे पाय धरले. ड्रायव्हरने पाठ धरली. म्हातारा खाली पोचला, गाडीत बसला, वेळेत गेला. सून माझा हात सोडेना. तिचं नाव विचारायचं राहिलं.

९ मार्च, रविवार

आजपासून या जिन्याला शिस्त लावली. खाली एक कागद डकवला: ज्याला गुरुवारी अर्धा तास देता येईल त्याने मजला लिहावा. कुणी यायचं नाही असं धरून चालले होते. नऊ जण आले, त्यातल्या निम्म्यांनी एकमेकांना प्रथमच पाहिलं. एकाच नळाचं पाणी पिणारी माणसं! चौथ्यावरची बाई, शाळेत शिकवते ती, ड्रायव्हरला म्हणाली की तुम्ही बहुतेक माझ्याच बसचे. तो म्हणाला, सहा वर्षं रोज नेतोय तुम्हाला.

उचलायचं कसं ते शिकवलं. पेशंटचं तोंड पुढे. वरच्याने पाठ धरायची, खुर्ची मागे कलवायची, हुकूम त्याचाच. खालच्याने पुढचे पाय धरायचे. पाऊल टाकताना डावा पाय आधी, दोघांचाही. एका जोडीने एकच मजला उतरवायचा आणि पुढच्या जोडीच्या हाती द्यायचा, म्हणजे कुणाची कंबर जात नाही. सरावाला पेशंट म्हणून मीच बसले. चौथ्यावरून खालपर्यंत मला तीनदा उतरवली. दुसऱ्या खेपेला शिंप्याने भिंतीवर आपटली, मुद्दाम की चुकून ते विचारलं नाही.

दमलेल्याला टेकायला दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवायची असंही ठरलं. पाच घरांतल्या पाच तऱ्हा. सहाव्यावर कुणी राहत नाही, तिथली खुर्ची शिंप्याने दिली.

१३ मार्च, गुरुवार

म्हाताऱ्याची खेप चोख झाली. आता तो रोज सकाळी तिसऱ्यावरच्या खुर्चीत येऊन बसतो. पूर्वी बंदरावर मोठ्या यंत्राने माल उचलण्याचं काम करायचा. श्वासाचा व्यायाम म्हणून मी त्याला शीळ घालायला सांगितली आहे. माणूस मोठा आज्ञाधारक. मी जिन्यात दिसले रे दिसले की दोन लांब शिळा घालतो. मी वर जाईपर्यंत पुन्हा नाही. रोज वीस वेळा तरी घाल म्हणून बजावलं, पण ऐकत नाही.

या इमारतीतली माणसं तब्येतीने इतकी पोकळ असतील असं वाटलं नव्हतं. बाई रोज सकाळी चौथ्यावरच्या खुर्चीत बसलेली असते, गुडघे दुखतात म्हणे. शाळेची वेळ झाली की मात्र दोन दोन पायऱ्या सोडून उतरते. लहान वयाचं दुखणं असंच लहरी. ड्रायव्हरचं तर डोकंच ठिकाणावर नाही. मी बाजारातून येते तेव्हा तो नेमका पाचव्यावर असतो, माझी पिशवी स्वतःची समजून उचलतो आणि सातव्यापर्यंत नेल्यावर म्हणतो, अरे, ही तुमची होय! तीन दिवसांत तीनदा. असल्या माणसाच्या हाती बस देतात.

मी सहाव्यावर थोडी बसले. खुर्ची डगमगते का ते पाहायला. नाही डगमगत.

१७ मार्च, सोमवार

कचेरीतला कारकून आला. हातात फाइल, चेहऱ्यावर फाइलीसारखाच भाव. म्हणाला, खुर्च्या हलवा, तीन दिवसांची मुदत, नाहीतर आम्ही उचलून नेऊ. मी नियम दाखव म्हटलं. त्याने दाखवला. जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत ठेवलेल्या ज्या वस्तूजवळ कोणी हजर नसेल, ती बेवारस समजून उचलण्यात येईल. खाली लिहिलं होतं की हा नियम एका रहिवाशाच्या तक्रारीवरून केला. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. सही माझी.

नऊ वर्षांपूर्वीची माझी सही फार ठसठशीत होती. लाजेने मान खाली गेली, पण कारकुनासमोर नाही. त्याच्यासमोर एवढंच म्हटलं की लिफ्ट दुरुस्त करायला तुम्हाला तीन महिने लागतात आणि आमच्या खुर्च्या उचलायला तीन दिवस, मग खुर्च्या उचलणाऱ्यांनाच लिफ्टच्या कामावर का लावत नाही? तो फाइल मिटून निघून गेला. लिफ्ट नाही, म्हणून बिचारा चालत.

१८ मार्च, मंगळवार

संध्याकाळी सगळे चौथ्यावर जमले. ड्रायव्हर म्हणाला, खुर्च्या साखळीने बांधू. बाई म्हणाली, अर्ज करू. पाहुण्यांच्या सुनेने विचारलं की आता गुरुवारचं काय. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला काही सुचत नव्हतं. आपल्याच हाताने खणलेला खड्डा, त्यात काय सुचणार!

शिंपी मागे भिंतीला टेकून उभा होता. तो बाईला उद्देशून बोलला, माझ्याकडे न बघता. “सिस्टरना सांगा, तो नियम मला तोंडपाठ आहे. नऊ वर्षं वाचतोय. वस्तूजवळ कोणी हजर नसेल तर, असं आहे त्यात. मी तेव्हा मशीनजवळून जेवायला उठलो, म्हणून माझं मशीन घरात गेलं. उठू नका.”

मला कळायला क्षणभर लागला. मग मी कागद मागवला आणि पाळ्या लावायला घेतल्या. पाळ्या लावणं माझ्या रक्तातच आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात, पाच खुर्च्या, तासाला एक माणूस. सातनंतर खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरात. खुर्चीशेजारून दोन माणसं आरामात जातील एवढी जागा राहते, ती मी काठीने मोजून घेतली. आगीबद्दलचं माझं म्हणणं मी काही सोडलेलं नाही.

सहाव्यावर कोण बसणार, असं विचारलं तर शिंपी म्हणाला, मी. चार मजले चढून! तिथे उजेड बरा येतो, काजं करता येतील, असं त्याचं कारण. उजेडाचा या माणसाला भारीच सोस.

२२ मार्च, शनिवार

मुदत परवाच संपली, आज कारकून दोन माणसं घेऊन आला. दुसऱ्यावर शिंप्याची बायको शेंगा सोलत होती. तिसऱ्यावर म्हातारा. चौथ्यावर बाई वह्या तपासत होती आणि तिच्या पायाशी पाहुण्यांची नात पाढे म्हणत होती. पाचव्यावर ड्रायव्हर पेपर वाचत होता. सहाव्यावर शिंपी. कारकून एकेका मजल्यावर थांबे आणि विचारी, ही खुर्ची कुणाची? उत्तर ठरलेलं होतं: मी बसलोय ना. सातव्यावर माझ्या दाराशी आला तेव्हा त्याला असा दम लागला होता की मीच पाणी दिलं, नाडी बघितली आणि उतरताना सहाव्यावर टेकून जा म्हटलं. टेकला. शिंपी उठून उभा राहिला आणि त्याला जागा दिली.

पाळ्यांनी एक गंमत केली आहे. नुसतं बसून माणूस किती वेळ गप्प राहणार? शिंप्याची बायको आणि पाहुण्यांची सून भाज्या निवडता निवडता एकमेकींना शब्द शिकवतात. बाईने दोन मुलांना गणित शिकवायला घेतलंय. ‘पाहुणे’ हा शब्द आज कुणाच्या तोंडून ऐकला नाही. त्यांच्या नातीने मला आजी म्हटलं. मी म्हटलं, सिस्टर म्हण. ती म्हणाली, बरं आजी.

मला फार बरं वाटतंय. दम लागतो तो हवेमुळे.

२८ मार्च, शुक्रवार

दवाखान्यातून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय ते सलाईनमुळे.

काल म्हाताऱ्याची खेप झाल्यावर मी बाजारात जाऊन आले. वर चढताना चौथ्याच्या शेवटच्या चार पायऱ्या होत्या. छातीवर कुणी तरी गुडघा रोवल्यासारखं झालं आणि उजेड बारीक होत गेला. कठडा हातातून सुटलेला मला कळला. पण त्याआधी बाई खाली आली होती, पाठीशी हात होता, आणि पुढे कळलं ते मी खुर्चीत होते. पाढे म्हणणारी पोर ओरडत खाली पळाली.

मग त्यांनी मला उतरवलं. सरावात तीनदा उतरवलं होतं तशीच. पाठ बाईने धरली, पुढचे पाय ड्रायव्हरने. तिसऱ्यावर पाहुण्यांच्या सुनेच्या आणि तिच्या नवऱ्याच्या हाती दिलं. दुसऱ्यावर शिंपी आणि त्याची बायको तयार होती. एकाचाही पाय चुकला नाही. मी डोळे मिटूनच “डावा” म्हटलं, तर शिंपी म्हणाला, “माहीत आहे, गप्प बसा.” नऊ वर्षांनी माझ्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द.

डॉक्टर म्हणाले, आणखी वीस मिनिटं गेली असती तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं. गोळ्या आहेत, महिनाभर जिना बंद.

मुलगा सकाळी पोचला. डोळे सुजलेले. उशीजवळ बसला आणि म्हणाला, आई, आता शब्द पाळ.

मी म्हटलं, “मी पडले नाही.”

“आई.”

“विचार त्यांना. मी बसले. खुर्ची होती, बसले.”

तो उठला. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. लहानपणी शिक्षा झाली की असाच पाठ करून उभा राहायचा. त्याला भीती वाटते आहे हे मला दिसतंय. वडील गेले तेव्हाही तो वेळेत पोचू शकला नव्हता. पण त्याच्या भीतीपायी मी माझं घर सोडू का? सोडलं तर त्याला बरं वाटेल आणि मी बागेत उन्हात बसून वाट बघत राहीन, कशाची ते सांगायला नको.

३० मार्च, रविवार

घरी आहे. माझ्या पलंगावर. कसं ते सगळं लिहून ठेवते.

दवाखान्यातून सुटले तर त्याने गाडी सरळ त्याच्या गावाकडे घ्यायचं ठरवलेलं. वाटेत फक्त माझे कपडे घ्यायला इमारतीशी थांबला. मी गाडीत बसून राहिले. भांडायला अंगात जोर नव्हता, आणि खरं सांगायचं तर वाटलं, संपलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी रुमालाने पुसलं, त्याचं काही नाही.

किल्ली घेऊन तो वर गेला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. सात मजले असले म्हणून काय झालं, तीन जोडी कपड्यांना चाळीस मिनिटं? परत आला तेव्हा हातात पिशवी नव्हती. मागे शिंपी, ड्रायव्हर, बाई, पाहुण्यांची सून आणि तिचा नवरा, आणि त्यांच्यात ती सरळ पाठीची खुर्ची.

म्हणाला, “आई, कुठले कपडे घ्यायचे ते मला कळेना. तूच वर येऊन बघ.”

वर कोण काय बोललं ते मला कुणी सांगत नाही. विचारलं तर सगळे भलतीकडेच बघतात.

मला वर चढवली. प्रत्येक मजल्यावर हात बदलले. पाचव्यापर्यंत मुलगा सोबत चालत होता, पाचव्यापासून म्हणाला, मी धरतो. खालचे पाय धरले, आणि पहिल्याच पायरीला उजवा पाय टाकला. शिंपी वरून म्हणाला, “डावा. तुमच्या आईची पद्धत आहे.” सहाव्यावर पोचेपर्यंत पोराचा चेहरा लालबुंद. शिंप्याने त्याला तिथल्या खुर्चीत बसवलं. आम्ही दोघं मायलेक समोरासमोर दोन खुर्च्यांत, धापा टाकत. तो हसायला लागला. मग मीही.

कपाट उघडून कुठले कपडे ते मी दाखवलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. संध्याकाळी गेला. जाताना शिंप्याकडे काही तरी लिहून देऊन गेला म्हणे.

२ एप्रिल, बुधवार

जिना बंद असला तरी जीभ बंद नाही. उद्याच्या खेपेला कोण कोण आहे ते बघायला मी पाहुण्यांच्या सुनेला पाळ्यांची वही आणायला सांगितली. तिला आपली अक्षरं अजून नीट वाचता येत नाहीत. तिने आणली ती शिंप्याची मापांची वही. पहिल्या पानांवर छाती, कंबर, बाही. मग एक पान:

‘सिस्टर. खाली ८.१०, वर ९.२०. तिसऱ्यावर आजोबा शीळ घालतील, म्हणजे वरच्यांनी तयार राहावं. चौथ्यावर बाई. पाचव्यावर थांबतात, पिशवी ड्रायव्हरने घ्यावी, विचारू नये. सहाव्यावर दम फार. बोलायला लावू नये. तिथे मी.’

तारीख १० मार्च. म्हणजे माझ्या सरावाच्या दुसऱ्याच दिवशी. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, रविवारी लिहिलेलं: ‘दर शनिवारी सहावा मजला, माझी पाळी.’ ते अक्षर मी माझ्या मुलाला पाटीवर गिरवायला शिकवलं आहे.

मी अशी संतापले की गोळी घ्यावी लागली. मला! मला पेशंट केलं, आणि मला न विचारता! शिंप्याला वर बोलावलं, वही त्याच्यासमोर आपटली. हे काय आहे म्हणून विचारलं.

तो म्हणाला, “माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही.”

“आणि मला विचारायचं नाही?”

“तुम्ही नऊ वर्षं बोलत नव्हता, विचारणार कसं?” मग जरा थांबून म्हणाला, “विचारलं असतं तर चढवू दिली असती का आम्हाला तुमची पिशवी?”

नसती दिली. मी वही परत दिली. चहा ठेवला. त्याने तो बसून सावकाश प्यायला. तो गेल्यावर बराच वेळ रडले. लिहायला लाज वाटते पण लिहिते. आयुष्यभर इतरांच्या उशाशी बसले, माझ्या उशाशी कुणी बसलेलं मला ओळखू आलं नाही.

२६ मे, सोमवार

लिफ्ट चालू झाली. सुरुवातीला कुणी तिच्यात बसेचना. दारापाशी जायचे, आत डोकावायचे आणि जिन्याने जायचे.

दुपारी कागद आला. लिफ्ट सुरू झाल्याने खुर्च्यांचे कारण उरलेले नाही, तरी त्या हलवाव्यात.

२९ मे, गुरुवार

सकाळी म्हाताऱ्याला लिफ्टने नेलं. सोबत चौघे गेले, एकाची गरज होती. तो तळमजल्यावर पोचल्यावर शीळ घालायला विसरला नाही.

मग मी कचेरीत गेले. नऊ वर्षांपूर्वीची शिलाई मशीनची तक्रार मी मागे घेत आहे, असं लिहून दिलं, तितक्याच ठसठशीत सहीने. आणखी एक कागद जोडला: मशीनसाठी खिडकीखालची जागा मी स्वतः मोजली आहे, दोन माणसं आणि एक पेशंट खुर्चीसह जाऊ शकतो. अकरा वाजता ड्रायव्हरने आणि मुलाने (तो पाळीसाठी दोन दिवस आधीच आला आहे) मशीन बाहेर काढून दुसऱ्यावर खिडकीपाशी ठेवलं. शिंप्याने तेल घातलं, चाकावर हात फिरवला आणि कामाला बसला. बारा वाजता तो जेवायला उठला. मशीनजवळच्या खुर्चीत मी बसले, सदऱ्याला बटणं लावत.

थोड्या वेळाने कारकून लिफ्टने आला. मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, वर जिन्याकडे बघितलं. प्रत्येक खुर्चीत कुणी ना कुणी होतंच. “सिस्टर,” तो म्हणाला, “लिफ्ट चालू झाली. आता या खुर्च्या कशाला?”

मी दोरा दातांनी तोडला आणि म्हटलं, “बसायला.”